बोटीच्या सीटवरचा गुलाबी डाग

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही तिघा मित्रांनी दोन वर्षांपूर्वी एक जुनी 16 फुटी फायबरची मोटरबोट घेतली. पानशेतच्या बॅकवॉटरला एका नातेवाइकांच्या जागेत ती असते. जूनमध्ये तिच्यावर निळी ताडपत्री घट्ट बांधून आलो आणि थेट दसऱ्याला सोडली. पांढऱ्या लेदरच्या सीटवर सगळीकडे काळे ठिपके, मागच्या लांब बाकावर गुलाबी पट्टे. शेजारी जांभळाचं झाड आहे, त्याचे डाग वेगळे. वास तर विचारूच नका. एका मित्राने कोपऱ्यात थिनर चोळून पाहिला, तिथे सीट चिकट झाली. मी ब्लीच लावलं, तर काळं बरंचसं गेलं, गुलाबी मात्र जसंच्या तसं. एका दुकानात सगळी कव्हरं नवीन करायचे 42 हजार सांगितले, तेही सीट न बघता. सीट वाचतील का, की टाकून द्यायच्या? बायका तर त्या घरात ठेवू देत नाहीत.
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : थिनरवाल्या मित्राच्या हातात यापुढे फक्त वल्हं द्या.

तुम्ही ज्याला लेदर म्हणता, दुकानदार ज्याला मरीन व्हिनाइल म्हणतो आणि आम्ही नाना पेठेत ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो, ती एकाच कुळातली वस्तू आहे. खाली कापडाचं अस्तर, वर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक. बाथरूमचा पाइप आठवा. ते अंगाला लागेल इतकं मऊ व्हावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव मिसळलेला असतो, प्लास्टिसायझर. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी, ह्यातलं काहीही लावलं की वरचा थर विरघळू लागतो आणि ते तेल सुटतं. तोच तुमचा चिकटपणा. पुढे तेल निघून गेलं की तिथे रेक्झिन ताठ होतं आणि तडकतं. तो कोपरा गेला, त्याचं दुःख करू नका. कोपराच आहे.

आता डागांकडे. तुमच्या पत्रात तीन वेगळे डाग आहेत आणि तुम्ही तिघांना एकच औषध पाजत आहात.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती वरच्या धुळीवर, अंगाच्या घामावर, सनस्क्रीनच्या थरावर जगते. तिचा बंदोबस्त सोपा आहे, पुढे सांगते. जांभळाचा डाग हा सरळ रंगाचा डाग. गंमत म्हणून सांगते, त्यावर साबण लावलात तर तो निळसर होईल आणि लिंबू पिळलंत तर लालसर. घाबरून अजून जोरात घासू नका, जांभळाच्या रंगाचा स्वभावच तो आहे. केमिस्टकडून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर 6 टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून पातळ करा. जुन्या सुती फडक्याची घडी त्यात भिजवून डागावर ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा, आणि तासभर विसरा. दोन-तीनदा करावं लागेल. चार महिने मुरलेला डाग आहे, त्यामुळे फिकट सावली राहिली तर राहू द्या. बोट आहे, नवरीची साडी नव्हे.

आणि पुढच्या सहलीत कुणीतरी बोटीत मिसळ सांडणारच, म्हणून आताच सांगून ठेवते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो तेव्हा लोकांचा धीर सुटतो आणि ते तारेची घासणी काढतात. तसं करू नका. तेल साबणाने काढा, पिवळेपणा उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात उडतो. कोरड्या, स्वच्छ दिवसांची दोन-चार उन्हं पुरतात.

राहिला गुलाबी. खरी गोष्ट इथे आहे.

तो डाग वरून पडलेला नाही, खालून वर आलेला आहे. सीटच्या आत फोम ओला राहिला की त्यात आणि रेक्झिनच्या अस्तरात ॲक्टिनोमायसीट नावाच्या गटातले जीवाणू वाढतात. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो देणारे जीवाणू ह्यांच्याच भावकीतले. तर ह्यातले काही गुलाबी रंग तयार करतात. तो रंग पाण्यात नाही, पण त्या प्लास्टिसायझरच्या तेलात मस्त विरघळतो आणि तेलावर स्वार होऊन अस्तरातून रेक्झिनच्या पोटात, तिथून पृष्ठभागापर्यंत चढतो. म्हणजे तुम्ही वरून ब्लीच चोळता तेव्हा भिंतीतला पाइप गळतोय आणि तुम्ही भिंतीला चुना लावताय. जीवाणू खाली, रंग रेक्झिनच्या अंगात भिनलेला. तो घासून निघत नाही. कुणी «गुलाबी डाग शंभर टक्के काढून देतो» म्हणाला तर पैसे देऊ नका, माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

मीही एकदा फसले आहे. 2009 साली मुळशीच्या बाजूची एक बोट माझ्याकडे आली होती, असाच गुलाबी बाक. फोम हाताला कोरडा लागला, दाबून पाहिला, चांगला उसळला. गिऱ्हाइकाचे पैसे वाचावेत म्हणून जुन्याच फोमवर नवं पांढरं रेक्झिन चढवलं. काम इतकं छान झालं होतं की मी त्याचा फोटो काढून ठेवला. पुढच्या दिवाळीत तोच बाक, त्याच जागी, तसाच गुलाबी होऊन परत आला. फुकटात पुन्हा केला आणि फोटो फाडला.

आमचे सासरे मला आधी सांगून गेले होते, मी ऐकलं नव्हतं एवढंच. ते टांग्याच्या सीट शिवायचे, काथ्या आणि कापूस भरून. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. नंतर कित्येक आठवडे लोक भिजलेल्या गाद्या, खुर्च्या, कोच घेऊन त्यांच्याकडे यायचे. सगळ्यांचं एकच म्हणणं, «वरून वाळलंय, फक्त कव्हर बदला.» सासरे काही न बोलता शिवण वीतभर उसवायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि मग भाव सांगायचे. आत वाळलेलं त्यांना फार थोडं सापडलं. «वरून वाळलंय म्हणणाऱ्याकडून पैसे आगाऊ घे,» असं ते मला म्हणायचे. पानशेतची बोट माझ्या सदरात आल्यावर त्यांची आठवण येणारच.

तर तुम्हीही हात घाला. सीट उलटी करा. खाली प्लायची फळी असेल, तिच्या कडेने स्टेपलच्या पिना. पहिल्यांदा पिनांचाच रंग बघा. तांबूस गंज असेल तर आत पाणी राहत होतं हे कळलंच. मग चार-सहा पिना पकडीने उपसा आणि त्या फटीतून मोठं दाभण फोममध्ये खोल, सीटच्या मध्यापर्यंत खुपसा. मिनिटभराने काढून वर्तमानपत्राला पुसा. कागद ओला झाला किंवा दाभणाला कुबट वास आला, तर तो फोम संपला. वरून दाबून काही कळत नाही. फोम मध्यभागी महिनोन्महिने ओला राहतो आणि वरची दोन बोटं कोरडी असतात. ह्याच ठिकाणी मी 2009 ला चुकले.

माझा अंदाज असा की तुमच्या पुढच्या दोन सीट आणि बाकाची पाठ वाचेल, आणि मागचा बाक फोमसकट नवा करावा लागेल. पाणी बोटीत मागे साठतं, म्हणून बाक आधी मरतो. म्हणजे 42 हजारांचं सगळं काम करायची गरज नसावी. आकडा बरोबर की चूक हे मीही सीट न बघता सांगणार नाही, नाहीतर त्या दुकानात आणि माझ्यात फरक काय?

वाचणाऱ्या सीट आधी धुऊ. पण कुठे? बोटीत बसून, बादलीने धरणाचं पाणी घेत, साबण-ब्लीच तिथेच ओतत धुऊ नका. पानशेत आणि वरसगावचं पाणी खाली खडकवासल्यात येतं आणि तिथून आमच्या नळाला. तुमच्या सीटचा मळ माझ्या माठात नको. सीट काढून गाडीत टाका आणि घरी आणा, किंवा काठापासून लांब, जिथलं पाणी उतरून धरणात जाणार नाही अशा जागी धुवा.

आधी तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने बुरशी झाडा, ती उघड्यावर, बाल्कनीत नाही. मग कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण, मऊ ब्रश. पायपिंगच्या कडेला आणि शिवणींत जुना टूथब्रश. ह्यातच निम्मं काम होतं. उरलेल्या ठिपक्यांना आधी ते पेरॉक्साइड लावून पाहा. त्यानेही हटले नाहीत तरच ब्लीच, आणि तेही साधं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग. लपलेल्या जागी आधी थेंब लावून बघा. फडक्याने लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून काढायचं. ब्लीच मागे राहिलं तर रेक्झिनचं आणि शिवणीच्या दोऱ्याचं आयुष्य खातं. रेक्झिन शाबूत आणि टाके सुटलेले, अशा सीट माझ्याकडे दर हिवाळ्यात येतात, आणि विचारलं की कळतं, दर महिन्याला ब्लीच.

एक गोष्ट हात जोडून. ब्लीच लावलेल्या जागी संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा, काहीही लावू नका. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर तितकाच वाईट दुसरा. तुम्ही अजून असं केलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. थिनरवाल्या मित्राला मात्र वाचून दाखवा.

सर्व्हिसिंगवाल्याकडचा प्रेशर पंपही नको. त्याने डाग जातो आणि पाणी सुईच्या प्रत्येक भोकातून फोममध्ये जातं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गुलाबी रंगाची पेरणी. तो पांढरा जादूचा स्पंज मिळतो, तोही जपून. तो स्पंज दिसतो, पण वागतो बारीक पॉलिश पेपरसारखा. रेक्झिनवरचा संरक्षक थर खरवडला की पुढचा मळ दुप्पट वेगाने धरतो.

धुतल्यावर तास-दोन तास ऊन, मग सावलीत पंख्याखाली उभ्या ठेवायच्या, आडव्या नाही. ऑक्टोबरचं ऊन ह्या कामाला उत्तम आहे, पण दिवसभर तापवलंत तर पांढरं रेक्झिन पिवळं पडायला लागतं.

आता बाक. कुणाकडेही करा, पण समोर उभं राहून पाच गोष्टी विचारा. फोम नवा का? प्लाय कुठली? ती मरीन प्लाय हवी, तिच्यावर आयएस 710 असा शिक्का असतो, आणि कापलेल्या कडा रेझिनने बंद केलेल्या हव्यात, कारण प्लाय कडेने पाणी पिते. फळीला पाणी निथळायला भोकं पाडणार का? माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि ती सगळ्यात कमी लोक करतात. पाणी आत जाऊच नये ह्यासाठी लोक फोमला प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. अहो, पाणी जाणारच. शिवण आहे म्हणजे भोक आहे. त्याला बाहेर यायचा रस्ता ठेवा. मी एक इंची भोकं पाडते, हातभर अंतरावर एकेक, आणि खालून नायलॉनची जाळी मारते, म्हणजे किडे-मुंग्या बिऱ्हाड करत नाहीत. चौथं, पिना स्टेनलेस स्टीलच्या का? साध्या असतील तर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ओघळ. पाचवं, दोरा पॉलिस्टरचा का? सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हाने मरतो.

रेक्झिन घेताना उलटं करून अस्तर बघा. सुती अस्तर म्हणजे बुरशीला घरपोच डबा. पॉलिस्टरचं विणलेलं अस्तर घ्या आणि बाहेर वापरायचं, उन्हाला टिकणारं म्हणून मागा, सोफ्याचं नाही. रेक्झिनचा पन्हा 54 इंच असतो. तुमचा बाक त्याहून लांब असेल तर कारागीर मधोमध जोड देईल, कारण त्यात कापड कमी जातं. तो जोड नको म्हणा. बसायच्या जागी शिवण म्हणजे पाण्याला दरवाजा. रोलच्या लांबीत कापलं की जोड लागत नाही, थोडं रेक्झिन वाया जातं, जाऊ दे.

शेवटी ती निळी ताडपत्री. घट्ट बांधली हे तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलंय, आणि घोटाळा तिथेच झाला. पानशेतचा पाऊस बाहेर, आतली ओल आत, मधून ऊन पडलं की वाफ. चार महिने तुम्ही इडल्या लावल्या होत्या. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी सीट काढून घरी आणा. बोट जमिनीवर, नाळ, म्हणजे पुढचं टोक, जरा उंच, तळाचा बूच काढलेला, म्हणजे आलेलं पाणी मागून निघून जाईल. ताडपत्रीखाली मधोमध पाइपाचं आढं करा, तंबूसारखं, आणि दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवा. घरी सीट प्लास्टिकमध्ये बांधू नका, जुन्या चादरीत गुंडाळून उभ्या ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की बायका सीट घरात ठेवू देत नाहीत. आताच्या वासाला त्यांचं बरोबरच आहे. धुऊन, वाळवून न्या आणि मग दिवाणाखालची जागा मागा.

प्रश्न : स्कूटरच्या सीटवर दर पावसाळ्यात बसलं की कपडे ओले होतात. वरून पुसून कोरडी केली तरी. सीट फाटलेली नाही. — कर्वेनगर

उत्तर : तुमचा फोम स्पंजासारखा भरलेला आहे. तुम्ही बसता तेव्हा पाणी शिवणीतून वर येतं. सीट उघडून खालचं प्लास्टिक बघा, त्यात निथळायला भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली असतील. काडीने मोकळी करा. मग चार-पाच कोरड्या दिवसांत सीट काढून उलटी, उतरती ठेवा. पावसाळ्यापुरतं रबरी कडेचं कव्हर घाला, पण घरी लावल्यावर काढून ठेवा. रात्रभर ठेवलंत तर बाहेरचं पाणी थांबेल आणि आतलं कोंडेल, आणि मग तुम्हीही वरचा गुलाबी डागवाला प्रश्न मला पाठवाल.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही रेक्झिनला खोबरेल तेल लावू नका म्हणालात. माझ्या आईने सोफ्याला वीस वर्षं लावलं, सोफा अजून चमकतो. तेव्हा आपलं मत तपासावं. — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तपासलं. सोफ्याच्या पाठीला जिथे सगळ्यांची डोकी टेकतात, तिथे हात फिरवून बघा. बाकीच्या सोफ्यापेक्षा ताठ लागेल, बारीक चिराही असतील. डोक्याचं तेल रोज थोडं थोडं रेक्झिनमध्ये शिरतं आणि त्याच्या स्वतःच्या तेलाला बाहेर ओढतं. आईंनी फक्त चकाकणारा भाग बघितला, आणि त्यावरची धूळही रोज पुसली असणार. सोफा टिकला तो त्या फडक्यामुळे. आईंना माझा नमस्कार सांगा आणि खोबरेल केसांना ठेवायला सांगा.